फ्लेक्सवरची तानीबाई

हसा, हसा... निपाणीत जो येतोय तो या फ्लेक्सखाली थांबून हसतोय, तुम्हीच तेवढं का ऱ्हावा? पर तुम्हाला सांगतो, यात माझी चूक न्हाय. मी काय बोललोच न्हाय!

झालं काय, आमची नात समता वकील झाली. गल्ली म्हणाली, "कल्लाप्पाआण्णा, फ्लेक्स लावायचा!" म्हटलं, लावा. मधी समता, खाली आमच्या सगळ्यांची तोंडं, गोल गोल. युवराजच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलतो, एवढंच सांगितलं, "युवराजा, बाकी कोण असो नसो, आमची म्हातारी दिसली पायजे." का? अहो, तानीबाईनं वखारीत तंबाखू चाळून समताला शिकवलं, आणि फोटो म्हटलं की ही दाराआड! सगळ्या जन्मात धड एकच फोटो, अंगणात उभी असलेली, तो बी नातीनं न सांगता काढलेला.

युवराजनं तो कॉम्प्युटरवर समताच्या उजव्या अंगाला ठेवला... तर कपाळच गायब! "आप्पा, कापलं जातंय." सरकवला, तर कान हितं आणि बाकीची बाई तिथं! बारीक केली की दिसती, मोठी केली की न्हाईशी. मग बेळगावच्या श्रेयसला फोन. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, पर बोलतोय अगदी डॉक्टरासारखा: "बंद करून चालू करा. झालं? आता ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर नवा घाला. झालं? आता परत बंद करून चालू करा." माझ्या मनात आलं, आमच्या गुडघ्यांना बी अशी सोय असती तर...

चालू झालं, तर उजवीकडं म्हातारी न्हाईच! नुसतं निळं आभाळ. परत चिकटवली, वरच्या अंगाला. आली... आणि गेली! परत चिकटवली, डावीकडं. गेली! "आप्पा, ही थांबंचना झालीया!" आता कशी थांबंल? घरात तरी कधी थांबली व्हय? चुलीपाशी बघावं तर मागच्या परड्यात, परड्यात जावं तर नळाला, नळाला जावं तर कुणाच्या तरी बाळंतिणीला न्हाऊ घालायला!

शेवटी खाली, माझ्या शेजारी चिकटवली... आणि ऱ्हायली की हो! पदर, नाकातली फुली, तो डोळे बारीक करून हसायचा थाट, समदं जागच्या जागी. "आप्पा, एकदा नीट बघून घ्या." काय बघणार? डोळ्यांत पाणी आलतं. म्हटलं, "छाप."

छापला, चौकात बांधला, मान वर करून बघतोय तर... चार तानीबाया! अहो, ती पहिल्यापास्नं तिथंच हुती! कॉम्प्युटरचा पडदाच दाखवत नव्हता!

युवराज धावत आला, "आप्पा, उतरवतो, दुसरा छापतो." समतानं त्याचा हात धरला. हसून हसून तिच्या बी डोळ्यांत पाणी. "ऱ्हाऊ दे, दादा. एकदम बरोबर आलाय."

मग म्हातारी आली. पदर तोंडाला लावून लई वेळ बघितलं. मला वाटलं, आता रडतीया. तर म्हणती कशी, "चार जागी उभी केलीसा मला. एका तरी जागी बसवायची हुती की!"

मी? हाय की मी बी. खालच्या तानीबाईच्या पदराआड बघा... तो कान. तो माझाच. तोंड काय आलं न्हाय.

असू दे. घरात बी माझा तेवढा कानच लागतोय.