यादीत नसलेलं मशीन

नाही हो, नेट व्यवस्थित चालतंय — तक्रारीत 'स्लो आहे' लिहिलं, कारण खरं कारण लिहायला तुमच्या त्या फॉर्मात जागाच नव्हती. बसा ना. राउटर कपाटावर आहे, पासवर्डची चिठ्ठी त्याच्या खाली चिकटवलीय — काय सुरेख अक्षर, नाही? जावयाचं. सगळंच सुरेख असतं त्याचं. तर काम एवढंच — त्याने घरातल्या यंत्रांना जी नावं दिलीयत ना, ती पुसून टाका. सगळी. मंडळी बाहेर गेलीयत, संध्याकाळी येतील, तोवर उरकायला हवं.

कशाला म्हणजे? पूर्वी प्रत्येक यंत्राला नुसता नंबर होता — राउटर देतो तो, तुम्हाला मी काय सांगणार! प्रिंटरच्या नंबराचा शेवट तेवीस, फोटो ठेवायच्या डब्याचा चाळीस, दारावरच्या कॅमेऱ्याचा एकेचाळीस. लाइट जाऊन आली की कधीकधी बदलायचे, मग मी नवे शोधून काढायचो. वही नाही, कागद नाही — तोंडपाठ! अहो, कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढलीयत, तीनशे दहा एक्स्टेंशन, मोठ्या साहेबापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत. त्यापुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती. बायको आतून ओरडायची, "अहो, फोटोंचा नंबर काय आज?" लेक वरून, "बाबा, प्रिंटर!" — आणि मी ह्याच खुर्चीत, पेपरातून मान वर न काढता सांगायचो. मग हे महाशय राहायला आले — बदली झाली म्हणून, दोन महिन्यांसाठी, आता वर्ष होईल — आणि एका रविवारी, हातातला चहा संपायच्या आत, प्रिंटर डॉट घर, फोटो डॉट घर, कॅमेरा डॉट घर! झालं. त्या दिवसापासून कोणी हाक मारत नाही. जिला टीव्हीचा रिमोट मी शिकवला ती बायको आता टकाटक 'फोटो डॉट घर' टाईप करते आणि वर मलाच म्हणते, "जावईबापूंनी किती सोपं केलं हो!" सोपं! म्हणजे इतकी वर्षं मी अवघड करत होतो का?

हसू नका. जळतो मी त्याच्यावर, हो, सरळ सांगतो, जळतो. पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या घातल्या असत्या. पण नाही, आवाज चढवत नाही, भांडी घासतो, बायको तर त्याला डोक्यावर घेऊन नाचते. आणि एवढा गुणाचा ना? मग बघा, राउटरमधली ती नावांची यादी उघडाच — लेकीचं कॉम्प्युटरचं मशीन आहे, बायकोचा फोन आहे, मागच्या खोलीतला तो बंद पडलेला स्पीकरसुद्धा आहे. माझं मशीन कुठाय? शोधा ना. नाही सापडणार. अख्ख्या घरात तेवढं एकच वगळलंय त्याने!

काय? यादीत येणारच नाही? का म्हणून? — हो, नंबर मी हाताने घातलाय, मशीनच्या आत, शेवट सात, आठ वर्षं झाली, लाइट गेली तरी बदलू नये म्हणून. मग त्याने काय होतं? राउटरकडे ते नंबर मागतच नाही — बरं — आणि मागत नाही म्हणून राउटर त्याची नोंदच करत नाही? म्हणजे मीच...

त्याने विचारलं नाही का, म्हणताय? विचारलं. आता तुमच्यापासून काय लपवायचं. त्याच रविवारी विचारलं, "बाबा, तुमचंही घेऊ का यादीत?" मी म्हटलं, माझ्या मशीनला हात लावायचा नाही. महिन्याभराने परत आला, इथे दारात उभा राहिला, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही बिचाऱ्याने — "बाबा, दोन मिनिटांचं काम आहे." मी पेपर वाचत होतो. वाचत कसला, नुसता धरला होता तोंडासमोर. नाही म्हटलं.

तुम्ही घालता यादीत? आत्ता? नको. नको म्हणतो ना! तुम्ही कोण, कुठले — तुमच्याकडून नकोय मला ते. आणि ती नावंही राहू द्या, काही पुसू नका, बंद करा ते. तो करेल. परत विचारलं की हो म्हणेन मी, लगेच म्हणेन, पेपर खाली ठेवून म्हणेन... पण दोनदा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा कोण विचारतो हो?

जाऊ द्या. निघा तुम्ही. दार लोटून घ्या.