बेस्तरवारी या

मी पाद्री माणूस, शकुन-अपशकुन मानत नाही; पण हे ऐकाच. बहात्तरच्या दुष्काळात जामखेडकडच्या एका खेड्यात आमच्या मंडळीतले याकोबबाबा वारले. दफन आटोपलं, घरी प्रार्थना झाली, आणि उठताना सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "बरंय, येतो."

दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, गुपचूप उठायचं असतं. बायकोनं मला चिमटाच काढला. बाबांची म्हातारी मात्र शांतपणे म्हणाली, "या की. बेस्तरवारी या."

एसटीत मी बायकोला सुनावलं, "आपण विश्वासी माणसं. असलं काही मनात आणायचं नाही."

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, दुपारी म्हातारीचा मुलगा आमच्या दारात उभा. "पाद्रीबाबा, आई गेली. पान्याची एवढी मारामार, तरी सकाळी अंगन सारवलं. म्हनली, पाद्रीबाबा यायचे हायेत."

पुन्हा तेच घर, तीच प्रार्थना. या वेळी मी ओठ घट्ट मिटून बाहेर पडलो. तेवढ्यात मागून चिमटा काढणारीचाच आवाज आला, "बरंय, येते हं."

म्हातारीच्या सुनेनं डोळे पुसले आणि विचारलं, "कवा?"