परसवाड्याच्या आयांनी बिघडवलेलं संशोधन

सन्माननीय अध्यक्ष भैयालालजी, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. सुहासिनीताई वझलवार, माझ्या शिक्षक भगिनी, आणि लेकरांना कडेवर घेऊन दुरून आलेल्या आयांनो,

मी अनुसया मेश्राम, परसवाड्याच्या शाळेत शिकवते. आमच्या बालाघाटची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण आमच्या लेकीबाळी अजून नागपूरकडेच येतात-जातात. म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाई इथे आल्या, तेव्हा आम्हाला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं.

ताई आल्या त्या एक प्रश्न घेऊन. पोलिओनं पाय लुळा पडलेल्या मुलाला आईनं रोज घरी व्यायाम दिला तर जास्त फायदा, की आठवड्यातून एकदा दवाखान्यात दिला तर? राजेगावकडच्या आयांना त्यांनी व्यायाम शिकवला. परसवाड्याकडच्या मुलांनी फक्त दवाखान्यात यायचं. वर्षानं दोन्हीकडची मुलं तपासायची. किती सरळ योजना! पण मंडळी, मध्ये पोळा येतो हे शास्त्राला कुठं माहीत?

राजेगावच्या गोदाबाई पोळ्याला माहेरी, परसवाड्याला आल्या. त्यांची लेक ललिता काठी धरून उभी राहू लागली होती. भावजय मैनाबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या घनश्यामचाही पाय तसाच. मग काय! नणंदेनं भावजयीला शिकवलं, भावजयीनं शेजारणीला, आणि बाजाराच्या दिवशी साऱ्या गावाला.

वर्ष संपलं. आमच्या शाळेच्या ओट्यावर तपासणी झाली, मी तिथे हजर होते. आमच्याकडची मुलं अपेक्षेपेक्षा कितीतरी बरी निघाली. ताई चक्रावल्या.

"घरी काही करता का हो?"

"काई नाई बाई," मैनाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात घनश्यामनं पाय उचलला आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाला, "शाब्बास, राजा!"

प्रत्येक व्यायामानंतर असं म्हणायचं, हे ताईंनी फक्त राजेगावात शिकवलं होतं. ताईंनी हातातली मोजायची टेप खाली ठेवली.

"मैनाबाई, सांगितलं होतं ना, यांना घरी काही करायचं नाही म्हणून?"

"हौ, सांगतलं होतं. पण नणंदेची पोरगी उभी राह्यली, ते म्या डोयानं पाह्यलं. मंग माह्या पोराले वर्षभर तसंच ठेवू काय? तुमच्या कागदासाठी?"

ताई उठून अंगणात गेल्या. वर्षाची मेहनत वाया गेली होती, नागपूरला उत्तर द्यायचं होतं. आम्हाला वाटलं, आता या सामान आवरतील. परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, आणि ओठांवर हसू.

"मैनाबाई, चूक माझी. या लेकरांना थांबवायला नको होतं. आता सांगा, तुम्ही कुणाकुणाला शिकवलं? आणि कसं?"

तिथून नवं संशोधन सुरू झालं: आई आईला शिकवू शकते का? नागपूरच्या वरिष्ठांनी सांगितलं, बिघडलेलं काम आहे, सोडून द्या. ताईंनी सोडलं नाही; बिघडलं कसं, तेही खरं खरं लिहिलं. सगळी मुलं चालू लागली असं नाही. काहींना कुबडी लागतेच, एका मुलाचा पाय होता तसाच राहिला, आणि तेही ताईंनी लिहिलं. पण त्याची आई आज कुबडीसकट त्याला माझ्या वर्गात बसवते. पूर्वी त्याला घराबाहेर काढत नव्हते.

आता ताई नागपूरला अशा मुलांसाठी केंद्र उघडणार आहेत. तिथल्या आयांना शिकवायला त्यांनी कुणाला बोलावलं असेल? मैनाबाई महिनाभर जाणार! गेल्या आठवड्यात त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, त्या शहरातल्या बायका माह्यं ऐकतीन का?" मी काही सांगणार, तोच त्यांचे यजमान प्रेमलालजी पायरीवरून ओरडले, "मी तं रोजच ऐकून राह्यलो! तू जाय, घर मी पाहतो."

ताई, आम्ही तुम्हाला प्रेमानं निरोप देतो, आणि आमची मैनाबाई सोबत देतो. सांभाळून न्या. अध्यक्ष महाशयांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या बालाघाटी मराठीत काही उणंअधिक गेलं असेल, तर मला घरचीच समजून पोटात घाला. नमस्कार.