हात धुवायचा शब्द

हॅलो? …हॅलो, हां, बोल गं चिंगे. …अगं आवाज तुटतोय तुझा. बस उभी असते ना, तिथल्या वरच्या खडकावर चढ, तिथेच रेंज येते… चढलीस? हां, आता बोल.

…कोण रडतंय? …पाहुणी? कुठली पाहुणी? …अगं ऐक ना, आधी दम खा. पहिल्यापासून सांग. …हो, हो… बारा जण, वही माझ्यासमोरच आहे. जंगलात फिरवलंस… सालींचे वास दिलेस… हं. मग मातीला हात लावायचा कार्यक्रम. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि तू 'थोलामे' म्हणवून घेतलंस. बरोबर. रोजच म्हणवून घेतो आपण. मग?

…काय?

…परत सांग. …'हा तर हात धुवायचा शब्द आहे'? असं म्हणाली? …सगळ्यांसमोर? …अगं बाई गं!

…नाही, हसत नाहीये मी! …हळू बोल, आत्या इथेच बसलीये. कोपऱ्यात, टोपली विणतेय. …काही नाही गं आत्या, चिंगीचा फोन आहे. बस निघायची वेळ झाली, एवढंच. तू विण. …हिला ना, नको तेवढंच नेमकं ऐकू येतं.

…हे बघ, आत्याला कळलं तर आपल्या दोघींना याच टोपलीत घालून नदीत सोडेल. आईमागे वाढवलं तिने आपल्याला, कधी काही मागितलं? एकच गोष्ट सांगितली होती. पाहुणे आणा, जंगल दाखवा, औषधं सांगा, पण जमिनीला हाक मारायचा शब्द बाहेरच्याला द्यायचा नाही. …आणि पाहुण्यांना तर नेमका तोच हवा असतो! …हो, माहितीये, कल्पना माझी होती. कबूल. शंभरदा कबूल. खोटा शब्द द्यायचा म्हणून घरातला हात धुवायचा दिला. तीन वर्षं माणसं डोळे मिटून मातीला सांगतायत हात धू, हात धू, आणि आपण दोघी ओठ चावून उभ्या. एकाला तरी कळलं? …हो गं बाई, आज कळलं. एकदा कळलं तरी पुरे होतं.

…आहे कोण ती? पत्रकार आहे का? …सरकारी? …मग? …साठ-पासष्टची. एकटीच आलीये. …आत्ता कुठे आहे? …बसमध्ये, शेवटच्या बाकावर. मग उत्तम! राहू दे तिथेच. …माफी? कसली माफी मागतेस, तोंड उघडलंस की आणखी फसशील! चारला दहा मिनिटं आहेत. ड्रायव्हरला सांग, पाच मिनिटं आधीच काढ. …काहीही सांग! घाटात धुकं उतरलंय म्हणावं. …अगं, उद्या ही चार ठिकाणी बोलली ना, की कार्यक्रम बंद, आणि आत्यासमोर आपली शोभा. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. …हां, तिथूनच हात कर त्याला. केलास? …बरं.

…अजून काय म्हणाली? …'माझी चेष्टा केलीत.' …हं. …दर वर्षी एका गावचा असा कार्यक्रम करते? कशाला? एवढी हौस?

…शोधतेय? काय शोधतेय?

…अगं आई गं. …लहानपणीच नेली होती? त्या पोरं न्यायला येणाऱ्या मोटारीतून? शाळेत घालतो म्हणून… हं… हं… गावाचं नाव आठवत नाही. …स्वतःचंही बदललेलं. …आणि भाषा? …सगळी गेली. हा एकच शब्द राहिला. …जेवायच्या आधी आई म्हणायची.

…अगं नाही, ऐकतेय मी. वाईट वाटणार नाही का? दगड आहे का मी? म्हणजे ती आपल्यातलीच, या डोंगरातलीच कुणीतरी. …पण आपण काय करणार, सांग ना! किती पोरं नेली त्या मोटारींनी, आणि इथे वीस-पंचवीस गावं. कुठल्या घरचं लेकरू, कोण सांगणार? आणि आपण तर तिला… शी! माझी मलाच लाज वाटतेय. कुठल्या तोंडाने उभी राहू तिच्यापुढे? जाऊ दे तिला. खरंच जाऊ दे, चिंगे.

…तू काय सांगितलंस तिला? …'हात धुवायला आम्ही सोरामे म्हणतो, हा वेगळा शब्द आहे.' …हुशार गं माझी. सावरायला तरी बघितलंस. मग पटलं तिला?

…सोरामे तिने कधी ऐकलंच नाही? …असं कसं? …'माझी आई थोलामेच म्हणायची.' …असंच म्हणाली? थो-ला-मे? नीट आठव. तुझ्या मनाचं सांगू नकोस.

…नक्की?

…अगं, थोलामे कुणी म्हणत नाही. …म्हणजे कुणीच नाही! आठव ना, शाळेत पहिल्या दिवशी आपण थोलामे म्हणालो तर पोरं हसून लोळली होती. सगळा डोंगर सोरामे म्हणतो. थोलामे फक्त आपल्या घरात. …मग! म्हणून तर निवडला तो शब्द मी, की दुसऱ्या गावचं कुणी आलं तरी ओळखणार नाही!

…थांब. थांब जरा. …आत्या. आत्या, टोपली ठेव खाली. …काही झालं नाही गं, एक विचारते. आपल्याच घरात थोलामे का म्हणतात? …नाही, आत्ताच सांग. …कोण बोबडी होती?

…

चिंगे, ऐकलंस? …आत्याची बहीण. धाकटी. तिची जीभ वळायची नाही, सोरामेचं थोलामे करायची. मग लाडाने सगळं घरच तसं म्हणायला लागलं. …हो, तीच! जिला सहा वर्षांची असताना मोटारीत घातली ती! ती गेली, तरी आत्याने शब्द काही बदलला नाही.

…बस! अगं बस थांबव! …मघाशी मी काय म्हणाले ते सोड! …सुरू केली? …कधी नव्हे ते माझं ऐकायचं आजच सुचलं होय गं तुला! धाव! …आडवी हो बसच्या पुढे! ओरड! धुकं-बिकं काही नाही म्हणावं! …फोन ठेवू नकोस, हातात घेऊन पळ!

…आत्या, उठू नकोस, पडशील. …हो. …बहुतेक. …मला काय माहीत गं, देव जाणे! …सांगते ना. आम्ही चूक केली, आत्या. खरा शब्द नाही दिला, शप्पथ, पण हा दिला. थोलामे. पाहुण्यांना. …हो, तीन वर्षं. …मार मला, हवं तेवढं मार, पण नंतर.

…हॅलो? …हॅलो, चिंगे! …हॉर्न वाजतोय नुसता. …थांबली का गं? बोल ना! …नाही आत्या, काही कळत नाही. खाली रेंज नसते. …अगं कुठे निघालीस तू, तासभर लागेल चालत! बस खाली. बस म्हणते ना.

…हॅलो? …हां! हां, बोल! …थांबवली? …खरचटलं नाही ना कुठे? गुडघा? बरं, गुडघ्याचं बघू मग. …ती उतरली? …काय सांगितलंस तिला? …काहीच नाही? नुसती हाताला धरून खडकावर आणलीस. …चिडलीये? चिडू दे. हक्क आहे तिचा. …नको, तू काही बोलू नकोस. मीही बोलत नाही. आपण दोघींनी पुष्कळ बोलून ठेवलंय. फोन तिच्या कानाला लाव.

आत्या, घे. …अगं, उलटा धरलायस. हं, असा. थांब, मी धरते. बोल आता.

"हॅलो? …

…मी कोण ते राहू दे. आधी रडू नकोस.

…थोलामे?

…हं. …दोन्ही हात?

…मग ये. ताट वाढते."