पडदा ताग्याला, ऊन गालाला

...आणि वर गिऱ्हाइकं मलाच विचारायची, "शेट, उजवा गाल गव्हाळ आणि डावा वांग्यासारखा, हे कसं काय?" अरे, कसं काय म्हणजे? पापडी गावात कापडाचं दुकान, तोंड पश्चिमेला, गल्ला उंबऱ्याशी आणि मी आडवा बसलेला, डावा गाल रस्त्याला! दुपारी दोनला जे ऊन आत शिरतं ते संध्याकाळपर्यंत हलत नाही, आणि विकत तर काहीच घेत नाही! तुम्हाला सांगतो, पश्चिमेचं दुकान वैऱ्यालाही देऊ नये!

बरं, मी काय अडाणी? शाळा चौथीत सुटली, पण उन्हानं रंग उडतो हे मला कुणी शिकवायला नको. दोन वाजले की ताग्यांपुढे जाड पडदा! वीस वर्षांत एका ताग्याचा रंग उडू दिला नाही... आणि मी? मी पडद्याच्या बाहेर, गिऱ्हाइकांना हाका मारत!

मग सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या डाव्या गालावर डाग उठला. खरखरीत, चार आण्याएवढा. आलोशियस डॉक्टरांनी भिंग लावून पाहिला. "शेट, आज साधा आहे. पण असंच ऊन खाल्लंत तर उद्या कापावा लागेल. ऊन अडवणारं क्रीम लावा, सावलीत बसा, दोन महिन्यांनी दाखवा." आणि मी निघताना म्हणतात, "ताग्याला पडदा, आणि गालाला?" पश्चिमेचं दुकान हो... वैऱ्यालाही देऊ नये!

क्रीमची ट्यूब केवढी? करंगळीएवढी! म्हटलं, पुरवून वापरू. मोहरीएवढं लावलं. आमची हंसा म्हणाली, "अहो, डागाला तीट लावताय की काय?" मग थापलं भरपूर. तर दारात आग्नेसबाय, जुनं गिऱ्हाईक. "काय शेट, बेकरीत कामाला लागलात? मैदा तरी पुसा!" पुसला. दर दोन तासांनी लावायचं आणि दर गिऱ्हाइकाला पुसायचं... डाग मनात हसत असेल!

शेवटी हंसानं काय करावं? ताग्यांपुढचा पडदा काढला आणि माझ्यापुढे टांगला!

"अगं, माल उघडा पडला!"

"माल दुसरा येईल. नवरा कुठल्या गिरणीतून आणू?"

मग काय, दुसरा पडदा शिवायला टाकला, तर लग्नसराई, शिंप्यानं दीड महिना लावला. तुम्हीच सांगा, पश्चिमेचं दुकान कुणाला द्यावं?

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा भिंग लावलं. मी डोळे गच्च मिटले.

"वाढला नाही, शेट. उलट बसतोय."

जीव भांड्यात पडला! आणि त्याच दुपारी आग्नेसबाय हजर. डाळिंबी तागा काढायला लावला. उलगडला तर आत डाळिंबी, बाहेर... धुतलेल्या कांद्यासारखा.

"काय शेट, दोन रंगांची नवी फॅशन?" मग पडदा सारून माझ्याकडे बघत, "पण तुमचे दोन्ही गाल मात्र जुळत आले हां!"

जुळत आले, बाय, जुळत आले... पण गाल काही मीटरवर विकता येत नाहीत!