नवरीच्या बापाचा माइक

— नाही नाही, ती वायर ठेवा खाली, सोनेरी पिनांची. ठेवा म्हणतो ना! विकायला मांडलीय, मान्य, पण ती घेणारी माणसं वेगळी. ती येतात, पिना उजेडात धरून बघतात, आत तांबं शुद्ध आहे का विचारतात — मी म्हणतो, आहे की, तुम्हाला हवंय म्हणजे असणारच — मग घरी नेतात आणि बायकोला म्हणतात, ऐक, आता आवाज कसा मोकळा झाला! ती बिचारी म्हणते, हो हो, झाला. संसार टिकतात असे. तुमचं काम वेगळं. तुम्ही फिरते डीजे, आज हा हॉल, उद्या तो, वायरीवरून खुर्च्या ओढणार, पाहुण्या उंच टाचांनी तुडवणार — तुम्हाला पाहिजे जाड रबराची, काळी, दिसायला कुरूप वायर, आणि टोकाला अशी पिन, की जी पिळून उघडता येईल. ओतीव प्लास्टिकची पिन घ्यायचीच नाही, आत तार तुटली की गेली कचऱ्यात. आणि हे तुम्ही-तुम्ही कशाला, तू म्हणतो, चालेल ना? माझ्या मुलीच्या वयाचा दिसतोस. बस ना. स्टूल डुगडुगतं, पण पाडत नाही कुणाला.

ही लाल-पांढऱ्या पिनांची घरात ठीक. हॉलात तीन पिनांचीच. का? लांबवर नेली की साधी वायर वाटेतलं काय वाट्टेल ते गोळा करते — दिव्यांचं, पंख्यांचं — आणि स्पीकर घूंऽऽ करत बसतो. तीन पिनांच्या वायरीत आवाज दोन तारांवरून जातो, एकीवरून सरळ, दुसरीवरून उलटा, आणि पलीकडे पोचल्यावर वाटेतला सगळा कचरा एकमेकांत जिरून जातो. समजलं? नाही समजलं, नुसती मान डोलावतोयस. माझी मुलगीपण अशीच डोलवायची. हल्ली तेही नाही — हल्ली माझं वाक्य अर्ध्यावर असतं आणि बाई फोन घेऊन गॅलरीत! बायको जागची उठत नाही रे, तिचं मोठं मन, पण डोळे मिटून घेते. ऐकतेय म्हणते. घोरतेस की गं, म्हटलं तर म्हणते, ते ऐकतानाच. असो! मिक्सर.

मिक्सर घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, इफेक्ट किती? अरे, गुहेतला आवाज, विहिरीतला आवाज, राक्षसाचा आवाज — लग्नात राक्षसाचा आवाज काढून करणार काय तू? लग्नच आहे ना? झालं तर मग. दोन माइक, तुझा लॅपटॉप, आणि एक चॅनल मोकळा ठेवायचा, कारण कुणाची तरी भाची गिटार घेऊन येतेच. तो? नाही, तो कोपऱ्यातला विकायचा नाही. तो रविवारी माझ्याबरोबर येणार आहे. मुलीचं लग्न आहे ना रविवारी! हो, एकुलती एक. ती म्हणते, बाबा, मोजकी माणसं आहेत, स्पीकर-बिकर काही नको, तुम्ही नवे कपडे घालून नुसते बसा. नुसते बसा! सगळा जन्म लोकांच्या लग्नांत स्पीकर लावण्यात गेला, दुसऱ्यांच्या बापांपुढे माइक मी धरले, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात हाताची घडी घालून बसू? पण मी ताकास तूर लागू दिलेली नाही. बरं म्हटलं. बाकी सगळं सामान गाडीत भरून तयार आहे, आयत्या वेळी जाऊन लावणार आणि — बोलणार! काय बोलणार म्हणजे? तिच्याबद्दलच. लहानपणी ती रिकाम्या स्पीकरच्या खोक्यात झोपायची, तिथपासून. घरी नाही रे जमत. सुरुवात केली की तिचा फोन वाजतो. पण नवरीला काही उठून जाता येत नाही. लक्षात येतंय का? सगळ्यांदेखत बसावंच लागतं तिला. एकदा, फक्त एकदा, तिनं माझं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच आहे माझं. — काही नाही, सोल्डरचा धूर गेला डोळ्यात. ही तुझी पिन जोडून देतो, गप्पांच्या नादात राहून जायची.

काय म्हणालास? परत सांग. एक माइक कुणाच्या नकळत बंद करता आला पाहिजे? कुणाचा? — नवरीच्या बापाचा! अरे देवा! फार बोलतो का? बोलतो म्हणजे थांबतच नाही? आणि हे नवरीनंच सांगितलं तुला? शाब्बास पोरी! नाही, तुला हसत नाहीये, त्या बापाला हसतोय. मला ही जात पाठ आहे. माइक हातात आला की यांना आपलं अख्खं आयुष्य आठवतं, समोर सूप गार होतंय, वेटर भिंतीला टेकलेत, आणि हे आपले — तर त्या काळी आमच्याकडे! बरोबर माणसाकडे आलास. ऐक. एकदम बंद नाही करायचा. एकदम केलास की तो माइकवर बोटं आपटणार, हॅलो, हॅलो, फू, फू, आणि मूळ भाषण पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू खाली न्यायचा, खालून गाणं हळूहळू वर आणायचं. आणि त्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर ठेवायचा, त्याच्याकडे तोंड करून. हीच तर खरी गंमत! हा मिक्सर बघ — या बटणानं छोट्या स्पीकरला आवाज वेगळा जातो, हॉलच्या आवाजाची ही पट्टी पार खाली ओढलीस तरी त्याला काही होत नाही. म्हणजे हॉलात गाणं चाललंय, लोक जेवतायत, आणि बापाला स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू येतोय. त्याला वाटणार, सगळे आपलंच ऐकतायत! खूश होऊन खाली उतरेल, बघ. कुणाचं काही बिघडलं नाही. हाच मिक्सर ने, डोळे झाकून ने.

मी खोकं बघतो, तू तेवढ्यात ती वायर गुंडाळ. आणि कोपराला नको रे बाबा, सगळे कोपराला गुंडाळतात आणि आत पीळ बसतो — अरे वा. अरे वा! एक वेढा सरळ, एक उलटा. छान. येतं पुष्कळांना, पण तुझ्या वयाच्या — थांब. तशीच धर. हलू नकोस. हे टोक दोनदा अडकवून पिन आतल्या वेढ्यात लपवलीस, हे कुठे शिकलास? नाही, यूट्यूबवर नाही मिळत हे. हे माझं आहे. पिनेला धक्का लागू नये म्हणून मी काढलेली युक्ती आहे ती, कुणाला शिकवली नाही, ऐकायलाच कुणी थांबत नाही तर शिकवणार कुणाला. घरी एकीला फक्त — कुणी शिकवलं म्हणालास?

नवरीनं.

का पण? तिला काय पडलंय, वायर कशी का असेना? — “बाबांना वायर वेडीवाकडी दिसली तर ते जेवण सोडून तुझ्याकडे येतील आणि दिवसभर तिथेच राहतील.” असं म्हणाली. हसत म्हणाली? हसत. बरं. पाठ होईपर्यंत करून घेतलं तुझ्याकडून? हं, तिला चांगलं येतं ते. एकदाच दाखवलं होतं मी, ऐकत नव्हती असंच वाटलं होतं मला. आणि या रस्त्यावरच्या दुकानात जाऊ नकोस, असंही म्हणाली असेल. पलीकडचं बंद होतं म्हणून इथे आलास होय. नको, हॉलचं नाव नको सांगूस. रविवार ना. माहीत आहे मला.

नाही, रागावलो नाही. खोकं बांधतोय. चिकटपट्टी सापडत नाहीये — ही काय, हातातच आहे.

हं, घ्या. वायरी आत ठेवल्यात, गॅरंटीचं कार्ड वर आहे. अहो नाही, तुम्ही कशाला माफी मागता, तुम्ही गिऱ्हाईक आहात. तसं करणार नाही म्हणू नका. तिनं सांगितलंय तसंच करायचं, लग्न तिचं आहे. गाडीतलं मी उतरवून ठेवतो. माइक द्या नवरीच्या बापाला, दोन वाक्यं बोलू द्या, मग न्या खाली. फक्त तो पायाशी छोटा स्पीकर — तो नका ठेवू. माझा आवाज बंद झालेला मला कळू दे. कळलं की बसेन मी खाली.

नाही, आणखी काही नाही सांगायचं. या तुम्ही.