न धुतलेला टी-शर्ट

(एस्तान्सिया या आमच्या मासेमारीच्या गावात, बंदरामागचं आमचं घर, दुपार कलत आलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आईच्या खुर्चीसमोर, व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून फोन उभा केलाय. फोनमध्ये नानाय, म्हणजे माझी आई; मला ती लाडानं इंदाय म्हणते. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून ती नुकतीच खोलीवर आलीय. तातय, म्हणजे माझे बाबा, मागच्या अंगणात वाळत घातलेली मासळी उलटी करतायत. आमच्याकडे मावशीला तिता म्हणतात आणि आजीला लोला.)

मी : ...ते राहू दे, आधी उत्तर दे. माझा घामट टी-शर्ट तू न धुता का मागवलास? आणि 'सहज' म्हणायचं नाही हं! सहज म्हणालीस तर मी पैज हरले.

नानाय : पैज? कोणाशी?

मी : ट्रिक्सी आणि लुव्हिमिनशी. त्या म्हणाल्या, आईला तोंडावर विचारून खरं उत्तर काढायची तुझी छातीच नाही. काढलं तर आठवडाभर मधल्या सुट्टीत काडीवरची तळलेली केळी त्यांच्या पैशांनी.

नानाय : म्हणजे माझी गोष्ट अख्ख्या शाळेत झाली तर.

मी : शाळेत कुठे? फक्त बँडमध्ये.

नानाय : आणि बँडमध्ये कोण कोण आहे?

मी : अख्खी शाळाच आहे म्हण ना. पण सगळ्यांच्या पुढे काठी फिरवत चालणारी एकच आहे, आणि ती तुझ्याशी बोलतेय! काल काठी हवेत फेकली आणि न बघता झेलली. शप्पथ. सर म्हणाले, जोव्हेलिन, तूच का ती, जी मागच्या वर्षी हजेरी द्यायलाही लाजायची?

नानाय : बघून झेलत जा. नाकावर पडली म्हणजे कळेल. जेवलीस का?

मी : नानाय! विषय बदलतेयस तू.

नानाय : बरं बाई. मापासाठी मागवला. नाताळच्या खोक्यात कपडे पाठवायचे तर माप नको?

मी : धुतल्यावर माप बदलतं होय? हे उत्तर ट्रिक्सीनं आधीच दिलंय. लुव्हिमिनचं म्हणणं, तू तिथे जादूटोणा करतेस.

नानाय : त्या लुव्हिमिनला सांग, वॉर्डात अठ्ठावीस म्हातारे आहेत. जादू येत असती तर पहिल्या दिवशी सगळ्यांना घरी पाठवलं असतं. आता मला झोपू दे, इंदाय. उद्या सकाळी मोठ्या सिस्टरना उत्तर द्यायचंय, डोकं ठिकाणावर हवं.

मी : कसलं उत्तर?

नानाय : आणखी तीन वर्षं राहते, की नाताळाआधी घरी परत जाते. त्यांना उद्याच कळायला हवं.

मी : उद्या? आणि मला हे आज कळतंय? काय सांगणार आहेस?

नानाय : बघू. तुझ्या तातयनं तर माझ्यावरच सोडलंय. महिनाभर विचारतेय, एकच ठेका. 'तू ठरव.'

मी : ...बरं, तिता मेर्लिंदानं पिशवी दिली ना तुला? सुट्टी संपवून गेली त्याला आठवडा झाला.

नानाय : दिली की. काल आमची ड्युटी एकत्र होती.

मी : मग? कसा होता टी-शर्ट?

नानाय : छान होता.

मी : छान? तीन दिवस सरावात घातलेला, खुंटीवर वाळलेला, आपल्या मासळीशेजारी! आणि छान?

नानाय : इस्त्री छान होती.

मी : इस्त्री? कसली इस्त्री? मी तर पिशवीला गाठ मारून... तातऽऽय! तातय, आत या! आत्ताच्या आत्ता!

तातय : आलो, आलो. काय झालं? मांजर शिरलं का घरात?

मी : तिता मेर्लिंदाकडे दिलेला टी-शर्ट तुम्ही धुतलात?

तातय : तो? हो. दोनदा.

मी : दोनदा!

तातय : एकदा धुऊन वास जाईना. घाम, मासळी, त्यात तुझ्या बँडचं पॉलिश. ती पिशवी मी मेर्लिंदाच्या हातात देणार होतो? विमानतळावर कोणी उघडली असती तर? लोक म्हणाले असते, एव्हलिनच्या घरी कपडे धुवायलाही कोणी नाही.

मी : अहो, न धुताच हवा होता तिला!

तातय : मला वाटलं, तू धुवायला विसरलीस. तू विसरतेसच. शेवटी ते फुलांच्या वासाचं पाणी असतं ना, त्यात भिजवला. मग इस्त्री. कॉलरलासुद्धा.

मी : टी-शर्टला कॉलर नसते, तातय!

तातय : गळ्याला मग. चांगला कडक केला होता. एव्ही, आवडला ना?

मी : नानाय? ए नानाय, तू रडतेयस?

नानाय : नाही गं. हसतेय. मी वाट बघत होते ना पिशवीची. ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत, दार लावून, घाईघाईनं गाठ सोडली. नाक खुपसलं. तर काय, जाईचा मळा! तुझ्या तातयनं अख्खी बाटली ओतली असणार.

तातय : अर्धी.

मी : पण तुला तो वास कशाला... थांबा. थांबा, थांबा. कोणी बोलू नका.

तातय : हिला काय झालं?

मी : मी दुसरीत होते. तू गेलीस, आणि त्याच आठवड्यात मला ताप आला. बरोबर? कशानं उतरेना. मग लोलानं तुझा घरात घालायचा झगा शोधून काढला, तू जाताना काढून टाकलेला, तसाच न धुतलेला. तो माझ्या अंगावर पांघरला. म्हणाली, आईचा वास लागला की लेकरू निवतं. आणि सकाळी मी उठून भात मागितला!

नानाय : ताप औषधानं उतरला. कुठलं द्यायचं ते फोनवरून मीच सांगितलं होतं. तुझ्या लोलाचं आपलं काहीतरी.

मी : असं? मग सगळी औषधं जिला तोंडपाठ आहेत, तिनं न धुतलेला टी-शर्ट कशाला मागवला?

नानाय : झोप येतेय मला. ठेवते आता.

मी : नानाय. तुला ताप आला होता?

तातय : काय?

नानाय : गेल्या महिन्यात. साधाच होता. चार-पाच दिवस. वॉर्डात सगळ्यांनाच झाला.

तातय : आणि सांगितलं नाहीस?

नानाय : सांगून काय केलं असतंस? आल्याची पेज करून फोनमधून ओतली असतीस?

तातय : फोन चालू ठेवून बसलो असतो. बोललो नसतो. नुसता बसलो असतो.

नानाय : जोवेन...

तातय : मासळी निवडायची ती इथेच, तुझ्यासमोर निवडली असती.

नानाय : अरे, आठ तास मी लोकांच्या कपाळावर हात ठेवत फिरते. माझ्या कपाळावर ठेवायला हात कुणाचा? माझाच. आणि आपलाच हात आपल्याला काही सांगत नाही. तोही तापलेला, कपाळही तापलेलं. मग उशीच्या खोळीतून इंदायचा तो जुना टी-शर्ट काढला, हत्तीचं चित्र असलेला.

मी : तो तुझ्याकडे आहे? मी घरभर शोधला होता! मला वाटलं, कुत्र्यानं नेला.

नानाय : मीच नेला. जाताना. हुंगला तर त्यात काहीच उरलं नव्हतं. माझाच वास. आणि हीटरचा. आधी तुझ्या मानेला नाक लावलं की उन्हाचा वास यायचा, माहितेय? दुपारभर हुंदडून यायचीस ना, तापलेली मान घेऊन. इथेही ऊन पडतं कधीमधी. पण त्याला वास नसतो.

मी : तिथे कोणी कोणाला हुंगत नाही?

नानाय : छे! गालाजवळ गाल नेतात आणि हवेला पापी देतात. वॉर्डात एक मिसेस हॅडली म्हणून आजीबाई आहेत. मागे एकदा त्यांचे केस विंचरता विंचरता, सवय कुठे जाते, मी डोकं हुंगलं. त्या दचकल्या. म्हणाल्या, "वास येतोय का गं माझ्या केसांना?" म्हटलं, नाही हो, आमच्याकडे माया अशी करतात. आता रोज सकाळी मी दिसले की डोकं पुढे करून बसतात.

मी : मला त्या मिसेस हॅडलीचा राग येतोय.

नानाय : नव्वदीच्या आहेत गं त्या!

मी : असू देत. रोज म्हणजे रोज? माझ्या वाटणीचं सगळं त्यांना चाललंय.

तातय : एव्ही. उद्या काय सांगणार आहेस?

नानाय : तूच म्हणालास ना, तू ठरव.

तातय : म्हणालो.

नानाय : मग ठरवतेय. माझ्यावाचून तिथे काही अडत नाही, एवढं तर कळलंच आहे मला. छप्पर तू घातलंस, बोट तू घेतलीस, पोरगी काठी फिरवायला लागली. मी आले तर बसणार कुठे, असं होऊन जाईल.

मी : तू ज्या खुर्चीसमोर आत्ता उभी आहेस ना, बाटलीला टेकून, तिच्यात आम्ही पाहुण्यांनाही बसू देत नाही! फादर आले होते, तेसुद्धा भाताच्या डब्यावर बसले.

नानाय : फादरना डब्यावर बसवलंत?

तातय : डबा स्वच्छ होता. हे बघ एव्ही, मी 'तू ठरव' म्हणालो, कारण... तिथे तुला मान आहे. सगळे सिस्टर सिस्टर करतात. इथे काय, मासळी आणि मी. ये म्हटलं असतं तर तू लगेच निघाली असतीस. मग पुढे कधी तुला वाटलं असतं, यानं ओढून आणलं.

नानाय : आणि मी म्हणत होते, हा एकदाही ये म्हणत नाही. ह्याची सवय मोडली.

मी : ऐकतेय हं मी. दोघांचंही ऐकतेय. तुमच्या दोघांच्या नावांचे तुकडे जोडून माझं नाव केलंत, जोव्हेलिन. जोवेन्सियोचं डोकं, एव्हलिनचं शेपूट. कागदावर काय एकी! आणि इथे महिनाभर 'तू ठरव', 'बघू'!

नानाय : तेवढंच नाहीये, इंदाय. तुझं कॉलेज आहे. इलोइलो शहरात राहून नर्सिंग करायचं म्हणजे काय सोपं आहे का?

मी : नर्सिंग करायचंय असं कोण म्हणालं?

नानाय : तू! माझी टोपी घालून, आरशापुढे उभी राहून.

मी : मी सात वर्षांची होते! त्याच आठवड्यात मी जलपरी होणार असंही म्हणाले होते. त्यासाठी कोणी परदेशात गेलं नाही ते!

तातय : जलपरीचं मला आठवतंय. टबातून बाहेर येईना.

मी : होईनही नर्स. किंवा बँडची बाई होईन. किंवा तिसरंच काहीतरी. मला अजून माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणायची मला आता लाज वाटत नाही. पण नानाय, माझं नाव सांगून तू तिथे तीन वर्षं राहायचं नाहीस. तू माझ्यासाठी राहिलीस की मला मग चुकायचीही सोय उरत नाही. एक विषय राहिला तरी वाटणार, आई तिकडे ताप अंगावर काढतेय आणि मी इथे नापास होतेय. तुला तिथे आवडतं म्हणून राहायचं असेल तर राहा. आवडतं का?

नानाय : काम आवडतं. माणसं आवडतात. खोलीवर आल्यावर काय करायचं, ते अजून जमलेलं नाही.

मी : तातय, आता तुम्ही म्हणा.

तातय : काय म्हणू?

मी : 'तू ठरव'च्या आत जे लपवून ठेवलंय ते.

तातय : हिच्यासमोर? तू जरा बाहेर जा ना. मासळीवर माश्या बसल्यात बघ.

मी : बसू देत. म्हणा.

तातय : एव्ही... घरी ये.

नानाय : काय? आवाज तुटला.

तातय : नाही तुटला.

नानाय : तरी म्हण.

तातय : घरी ये गं.

मी : मी कान झाकलेत. डोळे पण. आणखी काही बोलायचं असेल तर बोलून घ्या.

नानाय : उघड कान, नाटकी! जोवेन, तिथल्या दवाखान्यात अजून सिस्टर हव्यात का रे? तू मागे म्हणाला होतास.

तातय : रोज विचारतात. मी सांगत नव्हतो एवढंच.

नानाय : माणूस आहेस का कोण! बरं. सकाळी मोठ्या सिस्टरना सांगते. मिसेस हॅडलीना काय सांगू, ते मला कळत नाहीये. तिता मेर्लिंदाला शिकवून ठेवेन, डोकं कसं हुंगायचं ते.

मी : येस! म्हणजे नाताळाआधी?

नानाय : नाताळाआधी. पण अजून बरेच महिने आहेत, इंदाय. पुढच्या महिन्यात मेर्लिंदाची बहीण इकडे येतेय. तिच्याबरोबर एक पाठवशील? ह्या वेळी खरोखरच न धुतलेला?

तातय : मी हात लावणार नाही. देवाशप्पथ.

मी : नाही.

नानाय : नाही म्हणजे?

मी : पाठवणार नाही. तातय, तुम्हीही ऐका, हे दोघांना सांगतेय. मी ठरवलंय. यापुढे इंग्लंडला माझा एकही टी-शर्ट जाणार नाही. धुतलेला नाही, न धुतलेला नाही, रुमालसुद्धा नाही. वास हवा असेल तिनं इथे यायचं. आणि तू येशील ना, त्या दिवशी मी आंघोळ करणार नाही. सकाळपासून उन्हात उभी राहीन.